१ ऑक्टोबरच्या आधी कोड तपासून घ्या

अमेरिकन क्लायंटचं मेडिकल कोडिंग (पेशंटच्या आजाराला ठरलेला कोड देणं) नव्याने करत असाल, तर आधी तारीख पक्की करा. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजारांच्या कोडयादीचे नवे कोड १ ऑक्टोबरला लागू होतात, सवलतीचे दिवस मिळत नाहीत. थोडी भर १ एप्रिललाही पडू शकते. ओपीडीला सेवेची तारीख बघायची, भरती पेशंटला डिस्चार्जची. २८ सप्टेंबरला दाखल होऊन ३ ऑक्टोबरला घरी गेला, तर नवेच कोड. विम्याचा क्लेम कधी पाठवला याचा इथे संबंध नाही.

नुसत्या नव्या कोडांच्या यादीवर थांबू नका, ॲडेंडा, म्हणजे बदलांची यादी, उघडा. रद्द झालेले कोड आणि बदललेल्या एक्सक्लूड्स टिपा (कोणता आजार त्या कोडात धरायचा नाही हे सांगणाऱ्या) तिथे असतात; नवखे अडकतात ते तिथेच. ऑर्थोचा एम५४.५ घ्या. कंबरदुखीचा हा रोजचा कोड ऑक्टोबर २०२१ मध्ये फुटून एम५४.५०, एम५४.५१, एम५४.५९ झाला. जुना चार अक्षरी टाकला की क्लेम परत. तो बहुतेक वेळा ईएचआरच्या (पेशंटच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरच्या) फेव्हरिट यादीत लपलेला असतो, ती सप्टेंबरातच झाडून घ्या.

२०२४ मध्ये लठ्ठपणाच्या वर्ग १, २, ३ साठी ई६६.८११ ते ई६६.८१३ आले. पण वर्ग डॉक्टरांनी लिहिलेला हवा. बीएमआय ३६ दिसला म्हणून आपणच वर्ग २ ठरवायचा नाही; सरळ डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) टाका.