"सासूबाई गेल्या की सुटेन" असं मनात येतं, मी वाईट आहे का?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच माझ्याकडे, फक्त माणसं बदलतात. आज एका काकूंचं सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). काकू 64 च्या, सासूबाई 89 च्या. रात्री तीनतीनदा लघवीला उठवावं लागतं, काकूंना स्वतःला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय पण दोन वर्षं पुढे ढकलतायत, कारण मग आईंना बघणार कोण. आधी नुसत्या रडल्या, मग हळूच ते वाक्य बोलल्या आणि लगेच म्हणाल्या, देव नाही माफ करणार मला.

मी विचारलं सलग सहा तास शेवटचं कधी झोपलात? आठवेना. अहो काकू मग हे पाप नाहीये, जागरण आहे!

माणसं नव्वदीपर्यंत जगतात, चांगलंच आहे की, पण त्यांना सांभाळणारेही म्हातारे झालेत हे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने 60 पूर्ण झाले की ज्येष्ठ, म्हणजे या घरात नवरा धरून तिघंही ज्येष्ठच. आणि त्याच कायद्यात आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं यांच्यावर टाकलीय, सुनेचं नावच नाही त्यात. पुढच्या वेळी नवरा आणि नणंद दोघांना बोलावून हे सांगितलं तर दोघंही गप्प. नणंदबाई "वहिनी आहे ना" वाल्या.

70 च्या पुढे 5 लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, पण ते ऍडमिट झाल्यावर, रात्री बेडपॅन देणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. जपानने घरच्या अशा सेवेसाठी 2000 सालीच वेगळा विमा सुरू केला, चाळिशीपासून सगळ्यांकडून हप्ता घेतात. आपल्याकडे तो हप्ता सुना भरतात, गुडघ्यांनी.

तर ठरलं असं की रात्रीसाठी बाई ठेवायची, पैसे भावाबहिणीने निम्मेनिम्मे, दिवाळीनंतर दोन महिने आई नणंदेकडे आणि तेव्हा काकूंचं ऑपरेशन, आणि रविवार पूर्ण नवऱ्याचा. नणंद तोंड पाडूनच हो म्हणाली, चालेल, हो म्हणाली ना.

परवा काकू आल्या तेव्हा नवऱ्याची तक्रार, डायपर उलटा लावतात म्हणून, शेवटी मलाच उठावं लागतं. म्हटलं लावू देत उलटा, चादर तेच धुतील, तुम्ही उठू नका.