ट्युनिसच्या एका दिवसासाठी एफडी मोडायची का?

ताई, तुमचा हिशोब वाचला. जूनमधली इटलीहून निघणारी क्रूझ, ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसच्या ला गुलेत बंदरात सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, जहाज कंपनीची किनाऱ्यावरची टूर माणशी ७९ युरो, तुम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. म्हणजे ३१६ युरो, युरो शंभरचा धरला तर साडेएकतीस हजारांच्या वर. आणि त्यासाठी एफडी मोडू, ईएमआय करू की जहाजावरच बसून राहू, असं विचारताय.

ईएमआय तर नकोच, कारण युरोत कार्ड घासलं की बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप (परकीय चलनाचं शुल्क), त्यावर जीएसटी, आणि वर ईएमआयचं व्याज. एफडी पण राहू दे.

७९ युरोत तुम्ही कार्थेज या प्राचीन शहराचे अवशेष बघण्याचे पैसे देत नाही, उशीर झाला तरी जहाज थांबेल याचे देता. स्वतः फिरायला गेलात तर ते थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंतची चार विमान तिकिटं तुमच्या खिशातून. पण इथे अंतरंच किती? कार्थेज आणि सिदी बू सईद हे निळ्या-पांढऱ्या घरांचं गाव, दोन्ही बंदरापासून साधारण दहा किलोमीटरच्या आत, टीजीएम ही लोकल ट्रेन तिकडेच जाते आणि तिकीट अगदी स्वस्त. सासूबाईंना मात्र लोकल नको, कार्थेजचे अवशेष एका जागी नाहीत, वस्तीत विखुरलेत आणि जूनचं ऊन. अर्ध्या दिवसाची टॅक्सी करा. एकूण भाडं किती, वेटिंगसकट का, परत बंदरापर्यंत का, हे बसायच्या आधीच ठरवा आणि पैसे शेवटी द्या. कार्थेजची समुद्राकाठची रोमन स्नानगृहं, मग सिदी बू सईदची निळी दारं आणि गरम बांबालूनी (तिथला तळलेला गोड डोनट), बास. ट्युनिसचा जुना बाजार उलट्या दिशेला आहे, तो सोडा. (जहाजाच्या टूरमध्येही कधीकधी गालिच्याच्या दुकानात बसवून ठेवतात ते वेगळंच.)

घड्याळाचं नीट बघा हं, ट्युनिशिया इटलीसारखी उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही, त्यामुळे जहाज इटलीच्या वेळेवर असेल तर तुमचा फोन तिथे चार दाखवेल तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतील. म्हणून जहाजाच्या वेळेने तीनला परत.

पण हे सगळं एका अटीवर. भारतीय पासपोर्टवर तिथे आपलं आपण उतरता येतं की जहाजाच्या टूरबरोबरच सोडतात, हे क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. टूरबरोबरच असं उत्तर आलं तर दोघांचीच टूर घ्या, सासूबाई आणि मुलगा जहाजावर राहिले तर काही बिघडत नाही, आणि ते सोळा हजार दोन महिन्यांच्या पगारातून बाजूला काढा.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा) मल्टिपल एन्ट्रीच हवा, ट्युनिशिया शेंगेनबाहेर आहे, तिथून परत युरोपात येणं म्हणजे दुसरी एन्ट्री. ट्रॅव्हल इन्शुरन्सही बघा, फक्त शेंगेनपुरती पॉलिसी असेल तर त्या दिवशी तुम्ही चौघं विम्याशिवाय फिराल. आणि दिनार थोडेच घ्या, ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे.