सिंहगडाच्या घाटरस्त्यालगत मुरमात दिसणारे गोल काळे दगड जुन्या नदीचे आहेत का?

नाहीत. ते जागच्या जागी गोल झालेत.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना तो आकसला, उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि त्याचे ठोकळे झाले. पाणी शिरतं ते या भेगांतूनच. ठोकळ्याच्या सपाट बाजूला ते एकीकडून खातं, कडेला दोन्हीकडून, कोपऱ्याला तिन्हीकडून. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि गोल गाभा उरतो.

हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी किंचित आम्लधर्मी होतं. त्यात बेसाल्टमधल्या खनिजांपैकी ऑलिव्हिन सगळ्यात आधी कुजतं, मग पायरॉक्सिन. त्यांतलं लोह गंजतं, म्हणून मुरूम पिवळट-तांबूस. फेल्डस्पार या तिसऱ्या खनिजाची चिकणमाती होते. खनिजं अशी बदलताना फुगतात, म्हणून बाहेरचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात. भूगोलाच्या पुस्तकातलं 'भेगेत पाणी गोठून खडक फुटतो' हे उदाहरण मात्र इथे सोडून द्या, तेवढी थंडी पुण्यात पडत नाही.

खात्री करायची तर दोन गोट्यांमधला मुरूम बघा. त्यात मूळ भेगांची जाळी अजून ओळखू येते. नदीच्या गोट्यांना असे पापुद्रे नसतात, मधे वाळू-खडी भरलेली असते. हातोडी मारली की गाभा खणखणतो, कुजलेला भाग भद्द वाजून चुरतो.

खरी गोम बांधकामात आहे. पायाच्या खड्ड्यात असा गोटा लागला की 'खडक लागला' म्हणून फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, त्यावरच टेकवतात. मग एक कॉलम गोट्यावर आणि शेजारचा मऊ मुरमावर. मुरूम दबला की भिंतीला तिरकी भेग जाते. म्हणून खडक लागल्यावरही जमीन तपासायचं बोअर दोन-तीन मीटर खाली न्यायला सांगा. खाली पुन्हा मुरूम निघाला, तर वरचा गोटाच होता.

सखल भागातली काळी माती याच खडकाची. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरतं धुऊन जात नाही, त्यातून पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती बनते, सोबत चुनखडीचे पांढरे खडे. महाबळेश्वरच्या धुवांधार पावसात याच बेसाल्टमधली सिलिकाही बरीचशी वाहून गेली. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा.