ए.आर.पी.च्या बिल्ल्याबद्दल

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायच्या विचारात आहेस त्या बिल्ल्याचा फोटो पाहिला. वर मुकुट, खाली ए.आर.पी. ही अक्षरं, म्हणजे 'एअर रेड प्रिकॉशन्स'. ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या वेळी नागरिकांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांचा हा बिल्ला. रचना एरिक गिल या शिल्पकाराची. विकणारा 'दुर्मिळ' म्हणतोय म्हणून भुलू नकोस. चांदीतले हे बिल्ले दुसऱ्या महायुद्धाआधीपासून भरपूर निघाले, पुढे साध्या धातूचे आले. दोन्ही आजही मिळतात.

आधी भिंगाखाली हॉलमार्क, म्हणजे चांदीच्या शुद्धतेचे ठसे, बघ. लंडनच्या ठशातलं वर्ष दाखवणारं अक्षर मे महिन्यात बदलायचं, म्हणून 'सी' म्हणजे १९३८-३९, 'डी' म्हणजे १९३९-४०. मग पाठ बघ. पुरुषांच्या बिल्ल्याला कोटाच्या काजात अडकवायची चंद्रकोर असते, बायकांच्या बिल्ल्याला पिन. पिन मागाहून बसवलेली असेल तर डाग देऊन जोडलेल्या जागी रंग वेगळा दिसतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. हात बसला की हे पटकन कळतं.

आणि कृपा करून चिंच, राख, टूथपेस्ट काही लावू नकोस! काळपटपणा राहू दे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातही ठेवू नकोस. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाक.

मला खरी तळमळ आहे ती वेगळ्याच गोष्टीची. या बिल्ल्यावर माणसाचं नाव नसतं. तो कुणाचा, हे सांगतं सोबतचं ओळखपत्र, दंडपट्टी, एखादा गणवेशातला फोटो. दुकानदार बिल्ला गिऱ्हाइकाला देतो, कागद रद्दीत घालतो, आणि माणूस कायमचा हरवतो. मुंबईतही ए.आर.पी. होतं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, त्या काळातली ती माणसं. गिरगाव-परळच्या एखाद्या घरातून असा ऐवज आला तर सगळा एकत्र घे. परवडत नसेल तर बिल्लाही सोड, पण जोडी फोडू नकोस. माझ्या मते नावानिशी मिळालेला साध्या धातूचा बिल्ला निनावी चांदीपेक्षा कितीतरी मोलाचा.

तेव्हा विकणाऱ्याला विचार: कुणाच्या घरातून आला, सोबत आणखी काय होतं? उत्तर त्याच दिवशी कार्डावर लिही. आणि पाठीचा फोटो उजेडात काढून पाठव, मगच किमतीचं बोलू.

तुझा,
काका