फ्रिजवरच्या निओडिमियम चुंबकाचा मुलामा उडाला की त्याची भुकटी का होते? अ‍ॅल्युमिनिअमची का होत नाही?

अ‍ॅल्युमिनिअमही हवेत गंजतं, पण त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा घट्ट ऑक्साइडचा थर बसतो आणि ऑक्सिजन तिथेच अडतो. स्टेनलेस स्टीलमध्ये हेच काम क्रोमियमचा ऑक्साइड करतो.

निओडिमियम चुंबक म्हणजे निओडिमियम धातू, लोह आणि बोरॉन यांचं मिश्रण, आणि त्यावर असा राखणारा थर टिकत नाही. हा चुंबक म्हणजे भुकटी दाबून, भट्टीत भाजून एकजीव केलेले काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. कणांच्या सांध्यांत निओडिमियमने भरलेला पातळ पदर असतो. दमट हवेत आधी तोच खाल्ला जातो. पाण्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, तोही सांध्यात शिरतो, सांधा फुगतो आणि कण सुटे होतात. विटा शाबूत पण मधला चुना गेलेला, अशी भिंत डोळ्यांसमोर आणा. अशा चुंबकाला बोट लावलं की काळसर भुकटी लागते, उरलेली त्याच्याच कडेला केसांसारखी उभी राहते.

म्हणूनच त्यावर निकेल-तांबं-निकेल असा साधारण १०-२० मायक्रॉनचा मुलामा देतात. तो तडकला तर चुंबक बदलाच. वरून नेलपॉलिश लावून आत शिरलेली ओल निघत नाही. सतत दमट, गरम जागेसाठी सॅमेरियम-कोबाल्टचा चुंबक घ्या. महाग आहे, ठिसूळही, पण बऱ्याचदा मुलाम्याशिवाय चालतो.