आईच्या मदतीचे तास कापले, आता काय?

प्रश्न : आम्ही न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहतो. आईला (वय 82) अल्झायमर आहे. मेडिकेडच्या (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) दीर्घकालीन सेवा प्लॅनमधून तिच्यासाठी रोज 7, म्हणजे आठवड्याला 49 तास एड (घरी येणारी मदतनीस) येते. आता पत्र आलंय की पुढच्या महिन्यापासून 28 तासच. कारण दिलंय : ‘सभासद स्वतः चालतात, हाताने जेवतात, नुसती देखरेख ही सेवा नाही.’ आई चालते हे खरंच आहे. मग भांडायचं कशावर?

उत्तर : भांडायला भरपूर जागा आहे, पण आधी पत्रावरची तारीख पाहा. प्लॅनकडे (म्हणजे ही सेवा चालवणाऱ्या संस्थेकडे) अपील करायला 60 दिवस असतात, त्या भरवशावर राहू नका. पत्राच्या तारखेपासून 10 दिवसांत किंवा कपात लागू होण्याआधी (यांतलं जे नंतर येईल ते) अपील केलं आणि त्यात ‘एड कंटिन्युइंग’ (चालू मदत तशीच ठेवणं) मागितलं, तर निकाल लागेपर्यंत 49 तास चालू राहतात. ही मुदत हुकली की अपील चालतं, तास मात्र कापले जातात. फॅक्स केलात तर पोच जपून ठेवा. शेवटी हरलात तर मधल्या काळातल्या सेवेचा खर्च मागण्याचा हक्क प्लॅनला असतो, हेही माहीत असू द्या.

आता कारणाकडे वळू. ‘देखरेख हे वेगळं काम नाही’ हे नियमात आहे, पण अर्धंच सांगितलंय. नुसतं लक्ष ठेवण्यासाठी तास मिळत नाहीत. आंघोळ, कपडे, संडास, चालणं, जेवण ही कामं सुरक्षित व्हावीत म्हणून जवळ थांबणं आणि पायरीपायरीने सांगत राहणं यासाठी मात्र वेळ द्यावाच लागतो. तेव्हा ‘आईवर लक्ष ठेवावं लागतं’ असं लिहू नका. असं लिहा : ‘संडासला जायचं तिला आठवत नाही, दर दोन तासांनी न्यावं लागतं, बसल्यावर कपडे कसे सोडायचे ते सांगावं लागतं, नळ गरम की गार हे कळत नाही, घास तोंडात धरून बसते, गिळ म्हणावं लागतं.’ ही गरज दिवसात कधीही उपटते. 28 तास म्हणजे रोज 4. सकाळची आंघोळ, न्याहारी, जेवण यांतच ते संपतात, दुपारी संडासला कोणी न्यायचं? निदान दोन आठवडे वेळेनिशी नोंद ठेवा आणि तीच डॉक्टरांच्या पत्राला जोडा. ‘अल्झायमर आहे, मदत हवी’ एवढ्या दोन ओळींच्या पत्राला वजन नसतं.

दुसरा मुद्दा याहून जोरकस आहे. मिळत असलेले तास कमी करायचे तर काय बदललं, हे प्लॅनला नेमकं सांगावं लागतं : प्रकृती सुधारली, घरची परिस्थिती बदलली किंवा आधी चूक झाली होती. 1996 च्या मेयर विरुद्ध विंग या खटल्यापासून हे पक्कं झालंय. अल्झायमरमध्ये ‘सुधारणा’ दाखवणं प्लॅनला अवघड जातं. तुमची फाइल मोफत मागवा आणि आधीचं व आत्ताचं मूल्यमापन शेजारी ठेवून वाचा. चूक बहुधा तिथेच सापडते. नर्सने विचारलं, ‘आंघोळ कोण घालतं?’ आणि आई तोऱ्यात म्हणाली, ‘माझं मी करते’, तर फॉर्मवर ‘स्वावलंबी’ अशी खूण होते. पुढच्या वेळी आधीच सांगा की आईचं उत्तर पडताळून घ्या, आणि मराठी दुभाषा मागा. तो मोफत मिळतो.

आपल्या घरांतली आणखी एक सवय नडते. रात्री कोण बघतं असं विचारलं की आपण पटकन म्हणतो, ‘आम्ही आहोत ना!’ ते उत्तर तुमच्या नावावर तास म्हणून मांडलं जातं. घरच्यांची मदत ऐच्छिक असते, सक्ती करता येत नाही. नोकरीच्या वेळा आणि तुम्हाला काय जमणार नाही, हे लेखी द्या.

प्लॅनने अपील फेटाळलं तर राज्याकडे फेअर हिअरिंग (सुनावणी) मागायला 120 दिवस असतात, पण तास टिकवायचे असतील तर पुन्हा तीच 10 दिवसांची घाई. आयकॅन ही सभासदांसाठीची लोकपाल सेवा यात विनामूल्य मदत करते.

प्रश्न : पुण्यात बाबांसाठी (डिमेन्शिया) दिवसभराची बाई ठेवली आहे. त्यांच्या आरोग्य विम्यातून हा खर्च मिळेल का?

उत्तर : नाही. पॉलिसीत अपवादांची यादी असते, तिथे ‘एक्सक्ल 05’ शोधा. आंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं यासाठीची घरची शुश्रूषा त्यात सरळ वगळलेली आहे, मग ती प्रशिक्षित नर्सने केली तरी. डॉक्टरांनी लिहून दिलेले उपचार घरी चालू असतील आणि पॉलिसीत होम केअरचा लाभ असेल, तर तेवढ्याचं बिल नर्स-बाई पुरवणाऱ्या ब्युरोकडून वेगळं करून घ्या आणि कंपनीची मंजुरी आधी लेखी मिळवा. एकत्र बिल लावलं की सगळंच नाकारलं जाण्याचा धोका असतो.