अजिंठ्याचा पाहुणा मुक्कामाला का थांबत नाही? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : फर्दापूरला रोडलगत घर आहे, चार खोल्या रिकाम्या. जपान, थायलंड, श्रीलंकेचे ग्रुप बसने येतात नि बसनेच परत जातात. होमस्टे चालेल का?

चालेल दादा, पण चारही खोल्यांत एकदम पैसा घालू नका. दोनच तयार करा, स्वच्छ बाथरूम, गरम पाणी, पांढऱ्या चादरी. आणि जेवणाची वेळ सांभाळा, हे अगदी जीव तोडून सांगतेय. थायलंड-श्रीलंकेचे भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. मी स्वतः बघितलंय, ग्रुप साडेबाराला लेण्यांतून खाली आला, हॉटेलवाल्याने प्रेमाने ताटं वाढली आणि भंतेजी नुसतं पाणी पिऊन बसून राहिले, इतकं वाईट वाटलं ना! अकरालाच गरम भात, वरण, कमी तिखट भाजी तयार ठेवा, मग गाडीवाले तुमचंच घर विचारत येतील.

प्रश्न : बीए झालंय, गाईड व्हायचंय. कुठली भाषा शिकू?

जपानी. पुण्यात क्लास भरपूर आहेत, जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. एन५ या सगळ्यात खालच्या पातळीवर फक्त नमस्कार-चमत्कार होतात, निदान मधल्या एन३ पर्यंत दम धर. शिवाय स्मारकात गाईड म्हणून लायसन्स लागतं, ते आधी बघ. आणि एक सांगू, १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली वगैरे सगळेच सांगतात, पण २६ नंबरच्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे कुणी हात जोडून उभं राहिलं तर गप्प राहता यायला हवं, तो माणूस तिथे माहिती ऐकायला आलेला नसतो.

प्रश्न : संभाजीनगरात माझी टॅक्सी आहे. पार्टी एकच दिवस राहते, काय करू?

सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे बाहेरच्या पार्टीला बऱ्याचदा माहीतच नसतं. बुकिंगच्या फोनवरच सांगा. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा असं लावलंत की दोन दिवस आपोआप होतात, मधल्या संध्याकाळी पैठणी-हिमरूचे माग दाखवा. अजिंठा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, त्यात वेरूळ कोंबलं की पाहुणा दमतो आणि काहीच धड बघत नाही.

प्रश्न : बँकॉकहून थेट विमान आलं की सगळं सुटेल ना?

नाही हो. गयेला सीझनमध्ये बँकॉकची विमानं उतरतात, कारण बोधगयेत थाई, जपानी, श्रीलंकेचे विहार आहेत, राहायची-जेवायची सोय आहे. आपल्याकडे जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळसाठी प्रकल्प झाला, पण भाताची वेळ आणि भाषा कर्जातून येत नाही, ती आपल्यालाच शिकावी लागणार.